म्यानेजरची कुस्ती

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात रिक्षात बसून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. "सुभेदारकाका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मग तिनंच विचारलं, "तुम्ही एकटेच आहात का? कुणी आहे ना बरोबर?" इस्लामपूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून तिनं उभं आयुष्य काढलंय, वाईट बातमी सांगितल्यावर ऐकणाऱ्याला क्षणभर धरून ठेवावं लागतं, हे तिला ठाऊक आहे. पोवई नाक्याशी रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "काका, सरळ घेऊ न्हवं?" मी म्हटलं, "नको. स्टँडवर घे." कराडवरून पलूसला जाणारी गाडी लागलेलीच होती. खिडकीशी बसलो, आणि गाडी हलल्यावर माझ्या ध्यानात आलं की आता मला ‘गड्या’ म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही...

सुनंदाच्या वडिलांचं नाव हणमंत, पण मिसरूड फुटायच्या आधीपासून सगळा गाव त्याला नाना म्हणायचा. पलूस तालुक्यातलं आमचं गाव, ऊसपट्ट्यातलं. आम्ही दोघं एकाच तालमीत घुमलो. माझ्या अंगाला व्यायाम लागला, नानाच्या लागला नाही. खुराक तोच, जोर-बैठका माझ्यापेक्षा जास्त, तरी हाडं बारीक ती बारीकच राहिली. वस्ताद त्याला म्हणायचे, "हणम्या, तुला समद्यांचं डाव कळत्यात, पर तुझ्या अंगाला त्ये सांगायचं ऱ्हायलंय." सगळे हसायचे, नानाही हसायचा. मी फौजेत भरती झालो, तिथं कुस्ती खेळलो, पुढं पंच झालो. सुट्टीवर आलो की नाना एसटी स्टँडवर हजर असायचा, आणि माझी ट्रंक खांद्यावर घ्यायच्या आधी विचारायचा, "पंजाबातली पोरं पट कसा काढत्यात रं?" म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला कसं खाली आणतात, ते. मग घरी जाईपर्यंत रस्त्यातच ट्रंक खाली ठेवून मला ते करून दाखवावं लागायचं.

सर्जेराव त्याला जतकडच्या एका जत्रेत सापडला. मेंढरामागं वाढलेलं पोर, उंचापुरं, बोलायचं म्हणून नाही. बिथरलेला एक एडका जत्रेच्या गर्दीत घुसला होता, आणि या पोरानं त्याला शिंगांना हात न लावता, गळ्यात मिठी घालून, हळूच जमिनीवर बसवला. नाना सांगायचा, "एडक्याला कळलंबी न्हाई गड्या, आपन कवा बसलो त्ये." तो त्याच दिवशी सर्जेरावच्या वस्तीवर गेला, त्याच्या आईपुढं बसला आणि पोराला आमच्या तालमीत घेऊन आला. आई म्हणाली होती, "आवं, ह्यो बोलत न्हाई कुनाशी. तिथं मानसांत कसा ऱ्हाईल?" नानानं सांगितलं, "बोलायचं काम माज्याकडं."

आणि ते काम त्यानं जन्मभर केलं. गावोगावच्या जत्रा कमिट्यांशी बोलून जोड ठरवायची, समोरच्या पैलवानाचं वजन आणि खोडी काढून आणायच्या, खुराकाकडं बघायचं, एसटीत मागच्या लांब सीटवर सर्जेरावला आडवा झोपवून स्वतः दाराशी उभं राहून जायचं. गावात कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, "साखर कारखान्याला म्यानेजर असतो, पैलवानाला कशाला?" तेव्हापासून त्याचं नाव म्यानेजर पडलं. त्याला ते आवडायचं. मैदानात कुस्तीच्या आधी तो पांढरा फेटा बांधून हौद्यात उतरायचा, तांबडी माती मुठीत घ्यायचा आणि चारी बाजूंना वळून सर्जेरावच्या वतीनं बोलायचा. तो आवाज! कर्ण्याची गरजच नसायची. सर्जेराव मागं खाली मान घालून उभा, आणि हा बारका माणूस त्याच्यापुढं उभा राहून सगळ्या मैदानाला सांगतोय की आज काय होणार. बाया घराच्या धाब्यावरून ऐकायच्या. हलगीवाले त्याच्या शब्दांच्या ठेक्यावर हात टाकायचे. बोलून झालं की कडेला मातीच्या बांधावर उकिडवा बसायचा आणि मग त्याच्या तोंडून फक्त एखाददुसरा शब्द निघायचा... "मान", "थांब", "आता". सर्जेराव तेवढ्यावर चालायचा. जिंकल्यावर लोक सर्जेरावला खांद्यावर घ्यायचे, आणि नाना गर्दीच्या मागून त्याचा टॉवेल आणि चपला घेऊन यायचा.

ज्या मैदानाबद्दल अजून लोक बोलतात, ते कृष्णाकाठच्या एका गावातलं. सर्जेरावची निकाली कुस्ती इस्लामपूरकडच्या भगवानशी ठरली होती. भगवान तेव्हा कोवळा होता, विशीतला, पण त्या वर्षी त्याची पाठ कुणी लावली नव्हती. मी नुकतीच पेन्शन घेऊन आलो होतो, पंच म्हणून मला बोलावलं होतं. आदल्या दिवशी सरावात सर्जेरावचा खांदा निखळला. वैद्यानं तो बसवला, पण हात वर होईना. तोवर ट्रॅक्टर, टेम्पो, सायकली, जमेल तसे लोक येऊन बसले होते. लहान कुस्त्या संपल्या, मोठी लागेना. आधी शिट्ट्या झाल्या, मग कुणीतरी हौद्यात चप्पल फेकली. कमिटीतले एक जण म्हणाले, पैलवान वाटेत आहे असं सांगत राहू, अंधार पडला की लोक आपोआप उठतील. नाना फेटा न बांधताच हौद्यात उतरला.

"सर्जेराव येनार न्हाई," तो म्हणाला. असा गलका उठला की मला वाटलं आता आपल्याला इथून नीट बाहेर पडता येत नाही. नानानं हात वर केला नाही, आवाज चढवला नाही. गलका संपेपर्यंत उभा राहिला. "त्येचा खांदा गेलाय. त्येची चूक न्हाई. त्यो येनार म्हनून तुमाला हितं बसिवलं कुनी? म्या. सबूद माजा हुता. तवा कुस्ती हुईल... माज्यासंगं." आणि त्यानं सदरा काढला.

लोक हसले. मीही क्षणभर हसलो असेन. चाळिशी ओलांडलेला माणूस, छातीच्या फासळ्या मोजाव्यात असा. मी जवळ जाऊन म्हटलं, "नाना, येडा झालास का? मान मोडंल." तो म्हणाला, "तू पंच हायस न्हवं? मग पंचावानी बोल." लंगोट सर्जेरावचा होता, तो दोनदा जास्त गुंडाळावा लागला. सर्जेराव हात गळ्यात बांधून आला आणि कडेच्या बांधावर, नाना रोज बसायचा तिथं, खाली बसला.

सलामी झाली. दोघांनी माती लावली, हात मिळवले, माना एकमेकांच्या खांद्याला लागल्या. मी हाताच्या अंतरावर होतो. तिथं दोघांच्यात जे बोलणं झालं ते मी ऐकलं, आणि नंतर इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. हौद्यात पैलवान एकमेकांना काय म्हणतात ते पंचानं बाहेर न्यायचं नसतं, अशी माझी समजूत आहे.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. भगवाननं पहिल्याच झटक्यात त्याला खाली आणला. नाना पालथा पडला, माशासारखा सरकून निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. ताकदीचा प्रश्नच नव्हता. पण वस्ताद जे म्हणायचे की याला सगळ्यांचे डाव कळतात, ते त्या दिवशी मी बघितलं. भगवानचा हात यायच्या आधी नानाचं अंग तिथून निघालेलं असायचं. हसणारे लोक हळूहळू गप्प झाले, मग पुढं सरकले, मग उभे राहिले. नानाच्या ओठातून रक्त येत होतं, श्वास भात्यासारखा चालला होता. आणि तेवढ्यात बांधावरून एक आवाज आला. जन्मात कधी मैदानात तोंड न उघडलेला सर्जेराव ओरडला, "नाना, उजवा पाय!"

नानानं विचार केला नाही. सर्जेराव त्याच्या शब्दावर जसा चालायचा, तसाच तो त्याच्या शब्दावर गेला. भगवानचा उजवा पाय त्याच्या हातात आला, भगवान एका पायावर नाचू लागला, मागं कलला... मी पंच म्हणून गुडघ्यावर बसलो, पाठ बघायला. नानाचा चेहरा मला समोर दिसत होता. त्या चेहऱ्यावर शब्द पाळणं नव्हतं, लोकांची करमणूक नव्हती, मैदान सांभाळणं नव्हतं. तालमीतला तो हाडं बारीक असलेला मुलगा तिथं होता आणि त्याला जिंकायचं होतं. बस्स, जिंकायचं होतं. मग त्याचा गुडघा वाकला. पाय सुटला. भगवान वरून आला आणि नाना चितपट झाला.

मी भगवानचा हात वर केला. नाना मातीतच पडला होता आणि माझ्याकडं बघून हसत होता. "जयसिंग," धापा टाकत तो म्हणाला, "चुकून जिंकलो असतो की रं!"

त्या दिवशी लोकांनी दोघांनाही खांद्यावर घेतलं. पण दिवस गेले तशी गोष्ट पालटत गेली. कुणी म्हणालं, असला किरकोळ माणूस भगवानपुढं एवढा टिकतोच कसा? कुणी म्हणालं, म्यानेजर बोलण्यात पटाईत, त्यानं आधीच ठरवलं असणार. शेवटी ती ‘नुरा’ ठरली. ठरवून केलेल्या खोट्या कुस्तीला आमच्याकडं नुरा म्हणतात, आणि कुस्तीच्या माणसाला याहून वाईट शिवी नाही. सुनंदा शाळेत होती तेव्हा मुलींनी तिला त्यावरून चिडवलं. ती घरी येऊन रडली, तर नाना म्हणाला, "मानसं आली हुती, कुस्ती बगून गेली. आनि काय पायजे?" तो कधीच खुलासा करत बसला नाही. मी एकदा म्हटलं, मी सांगू का लोकांना? त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

दिवाळीनंतर त्याला भेटायला गेलो ती शेवटची भेट. पायांना सूज होती, पलंगावर उशीला टेकून टीव्हीवरच्या त्या परदेशी कुस्त्या बघत होता. रंगीत चड्ड्या घातलेले राक्षसासारखे दोघं एकमेकांना आपटत होते आणि दोरीबाहेर सूट घातलेला एक माणूस हातवारे करत होता. नाना म्हणाला, "त्यो सुटातला बग. त्यो त्येंचा म्यानेजर. कुस्ती त्योच करतूय, बाकीची निस्ती पडत्यात." मी म्हटलं, "तूबी तसलाच की." त्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाला, "न्हाई गड्या. म्या येकदा पडलोय. खराखुरा पडलोय." चहा आला, विषय बदलला, आणि निघताना त्यानं माझ्या मोतीबिंदूची चौकशी केली.

तो गेल्यावर गावात शोकसभा झाली, तालमीच्या नव्या हॉलमध्ये. भिंतीवर गावच्या आणि तालमीच्या मोठ्या पैलवानांचे फोटो आहेत. मधोमध सर्जेराव, खांद्यावर गदा घेऊन. बोलणाऱ्यांपैकी एक जण भरात येऊन म्हणाला की सातारा-सांगलीत आजवर जे पैलवान झाले त्यात सगळ्यात थोर आमचा म्यानेजर, आणि त्याचा फोटो या भिंतीवर लागलाच पाहिजे. टाळ्या पडल्या. पण पुढच्या रांगेतले म्हातारे पैलवान टाळ्या वाजवत नव्हते. त्यातले एक उठले. आप्पा म्हणतात त्यांना. आमच्या दोघांच्या आधीचे, स्वच्छ मनाचे, तोंडानं कडक. "हणमंता लय चांगला मानूस," ते म्हणाले. "त्येच्यासाटी म्याबी रडलोय. पर ही भिंत पैलवानांची हाय. नुरा कुस्तीवर हितं फोटू लागत न्हाईत."

सुनंदा बायकांच्या बाजूला बसली होती, ती उभी राहिली. मला वाटलं रडेल, पण तिचा आवाज सरळ होता. "सुभेदारकाका, तुम्ही पंच होता. मला समजूत नको. खरं सांगा. ती कुस्ती खरी होती का? आणि माझे बाबा पैलवान होते का?"

मी उठलो. भगवान तिथंच बसला होता. आता तो स्वतः मोठा वस्ताद आहे, इस्लामपूरकडं त्याच्या तालमीत पोरं घडतात, लोक त्याच्या पाया पडतात. मी ऐकलेलं सांगायचं तर ते त्याच्याबद्दल होतं. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग तोच उठला.

"सुभेदारांस्नी नगा इचारू, म्या सांगतो," भगवान म्हणाला. "नुरा म्याच मागितली हुती. सलामीला मान लागली तवा म्या त्येंच्या कानात म्हनलो, ‘नाना, किती येळ धरू?’ वडीलधारं मानूस, इजा नगं व्हायला, माजा इचार वाईट न्हवता. पर नाना म्हनले, ‘धरायचं न्हाई. पाडायचं. म्याबी तुला पाडनार हाय.’ आनि आप्पा, त्येंनी मला जवळजवळ पाडलं हुतं. माजा पाय त्येंच्या हातात हुता तवा मला माजी आई आठवली. हे म्या आदीच सांगाय पायजे हुतं."

आप्पा खाली बसले. सुनंदा अजून उभीच होती. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं. पंचाला दया दाखवून निकाल देता येत नाही. मी म्हटलं, "बाळ, तुझा बाप मोठा पैलवान नव्हता. त्याच्या नावावर एकही मोठा विजय नाही. या भिंतीवरच्या कुणाहीपुढं तो फार वेळ टिकला नसता. तो मोठा होता असं मी म्हटलं तर ते खोटं होईल, आणि त्याला ते आवडणार नाही. पण मी फौजेत आणि इथं जेवढ्या कुस्त्या जवळून पाहिल्या, त्यातली सगळ्यात मोठी कुठली असं कुणी मला विचारलं तर मी तीच सांगेन. मोठे पैलवान बरेच झाले. तसली कुस्ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही."

सर्जेराव कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता. त्याच्याकडं सगळ्यांनी पाहिलं, कारण भिंतीवर मधोमध तोच होता. त्यानं नुसती मान हलवली. "खरं हाय," तो म्हणाला. "मलाबी तसली न्हाई जमली."

सुनंदानं डोळे पुसले. "मग फोटो नको," ती म्हणाली. "बाबांनी दुसऱ्याची जागा कधी घेतली नाही. फक्त नुरा म्हणू नका." आप्पा काठी टेकत तिच्यापर्यंत गेले आणि एवढ्या गर्दीत त्या कडक माणसानं तिच्यापुढं हात जोडले. तिनं घाईनं ते खाली घेतले.

मागच्या आठवड्यात पलूसच्या बाजूला एक मैदान होतं. पंचाचं काम आता माझ्यानं होत नाही, पण बोलावलं म्हणून गेलो. ऊन कलायच्या आधीच पोचलो. लोक यायचे होते, हलग्या शेकायला ठेवल्या होत्या. रिकाम्या हौद्यात भगवान एकटाच अनवाणी चालत होता. एवढा अगडबंब माणूस, धोतर खोचून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पावलापुढं पाऊल टाकत, जणू अंधारात वाट चाचपतोय. मधेच थांबायचा, वाकायचा, मातीतून काहीतरी उचलून बाहेर टाकायचा. मी बांधावर बसून विचारलं, "वस्ताद, काय हरवलं?"

"खडं बगतूय," तो म्हणाला. "हरेक मैदानात बगतो. पोरांच्या पाठीला लागत्यात." मग तो माझ्याजवळ येऊन बांधावर टेकला. "सुभेदार, त्या दिशी सभेत येक सांगायचं ऱ्हायलं. हसत्याल लोक म्हनून न्हाई बोललो. म्या नानांच्या छातीवर हुतो, पाठ लागली हुती, तुमी हात वर करायच्या आदी. नाना माज्या कानात म्हनले, ‘उठ रं बाबा, पाठीखाली खडा हाय.’ मला वाटलं, डाव हाय त्येंचा. उठलोच न्हाई. आनखी दाबलं."

हलग्यांच्या आवाजात मला ते ऐकू आलं नव्हतं. हाताच्या अंतरावर असून.

"मग?" मी विचारलं.

"मग उठल्यावर बगितलं तर खरंच खडा हुता. एवडा. पाठीत रुतलेला. नानांनी मागं हात घालून काडला, माज्या हातात दिला आनि म्हनले, ‘बग, खोटं बोललो का?’" भगवान हसला, मग त्याचा चेहरा बदलला. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

माणसं येऊ लागली होती. कुणीतरी कर्णा तपासत होतं. भगवान पुन्हा हौद्यात उतरला आणि जिथं थांबला होता तिथून चालू लागला. मीही चपला काढल्या, बांध उतरलो आणि उरलेल्या अर्ध्या मातीवर पाय ठेवला. माती गार होती, मऊ होती. माझे डोळे आता अधू झालेत, पण या कामाला डोळे लागत नाहीत.